कोकमबरोबर रॅली ओबिडियन्स सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?

कोकमची_आई (एडिसन, न्यू जर्सी) | ४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची कोकम साधारण तीन वर्षांची आहे, मिश्र जातीची, तांबूस रंगाची. दीड वर्षापूर्वी शेल्टरमधून घरी आणली. दक्षिणेकडच्या एका राज्यातून गाडीत घालून तिला इकडे पाठवलं होतं, त्याआधीचं आम्हाला काही माहीत नाही. घरात एकदम गुणाची. बाहेर पडलं की लीश ताणते, आणि टोपीवाला माणूस दिसला की पोट जमिनीला टेकवून मागे सरकते.

आमच्या ट्रेनरबाईंनी रॅली ओबिडियन्स सुचवलं. मी एक क्लास बाहेरून बघून आले. रिंगमध्ये पाट्या मांडलेल्या, माणूस आणि कुत्रा एका पाटीपासून दुसरीकडे जातात आणि पाटीवर लिहिलेलं करतात. मला फार आवडलं, कारण सगळे आपापल्या कुत्र्यांशी सतत बोलत होते. पण घाबरट कुत्रीला यात घालणं बरोबर आहे का? आणि घरी आजपासून काय सुरू करू? कोणी केलंय का?

लिंबूटिंबू | ४ मार्च, रात्री ९:५५

कोकम! किती गोड नाव. आधी फोटो टाका, मग सल्ले.

उंबरठा (ऑस्टिन, टेक्सस) | ४ मार्च, रात्री ११:१०

मी सात वर्षं करतेय, दोन कुत्र्यांबरोबर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, घाला. घाबरट कुत्र्यासाठी याहून बरा खेळ मला माहीत नाही. पारंपरिक ओबिडियन्समध्ये, म्हणजे आज्ञापालनाच्या स्पर्धेत, परीक्षक एकेक हुकूम देतो आणि तुम्ही तो मुकाट पाळता. हुकूम पाळणं चालू असताना कुत्र्याशी गप्पा मारायची सोय नाही. रॅलीत परीक्षक फक्त दोनदा बोलतो: ‘तयार आहात का?’ आणि ‘पुढे’. त्यानंतर रिंग तुमची. कुत्र्याशी बोला, शाबासकी द्या, नावानं हाक मारा. हात मात्र लावायचा नाही, आणि अमेरिकन केनेल क्लबच्या (एकेसी) रिंगमध्ये खाऊ न्यायचा नाही.

हा खेळ चार्ल्स ‘बड’ क्रेमर यांनी तयार केला. नाव मोटारींच्या रॅलीवरून आलं. एकेसीनं १ जानेवारी २००५ पासून त्याला किताब द्यायला सुरुवात केली. नवशिक्यांच्या नॉव्हिस वर्गात १० ते १५ पाट्या असतात आणि सगळं लीशवर असतं. सुरुवात १०० गुणांपासून, चुकांप्रमाणे ते कापले जातात, ७० राहिले की पास. अशा तीन पास आणि त्या निदान दोन वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळाल्या की किताब. कुत्रा सहा महिन्यांचा हवा. मिश्र जातीची म्हणून काळजी करू नका, त्यांच्यासाठी एकेसीची ‘केनाइन पार्टनर्स’ ही वेगळी नोंदणी आहे.

आता घरी काय करायचं. पाट्यांना अजून हातसुद्धा लावू नका. पहिले तीन आठवडे एकच: तुमच्या डाव्या पायाशेजारची जागा ही जगातली सगळ्यात छान जागा आहे, हे कोकमला पटवायचं. ती जागा म्हणजे हील. खाऊ डाव्या हातानं, पँटच्या डाव्या शिवणीशी द्या. बहुतेक जण उजव्या हातात खाऊ धरतात आणि पोटासमोरून पलीकडे देतात. मग कुत्रा त्या हाताकडे बघत पुढून आडवा येतो, आपण त्याला अडखळतो आणि ‘नीट चाल’ म्हणून त्यालाच ओरडतो. घोडं तिथेच पेंड खातं.

वाटाड्या (मिसिसागा, ओंटारिओ) | ५ मार्च, सकाळी ७:२०

उंबरठाताईंना पूर्ण अनुमोदन. माझी भर इतकीच की पहिले पंधरा दिवस मी कुत्र्याशिवाय सराव केला होता. गराजमध्ये खडूनं बाण काढले आणि एकटाच चाललो. बायकोनं विचारलं बरं आहे ना. 🙂

पण खरंच सांगतो, पाट्या वाचणं हे माणसाचं काम आहे आणि ते आधी पक्कं हवं. उदाहरण म्हणून ‘२७० उजवीकडे’ घ्या. पाटी म्हणते उजवीकडे वळा, तुम्ही पाऊण गोल फिरता आणि बाहेर पडता ते डावीकडे! पहिल्यांदा सगळेच गोंधळतात. माणूस मध्येच थबकला की लीश ताणली जाते, कुत्रा वर बघतो आणि त्यालाही कळत नाही काय झालं ते.

लिंबूटिंबू | ५ मार्च, सकाळी ८:०२

आत्ता स्वयंपाकघरात २७० उजवीकडे करून बघितलं. खरंच फ्रिजसमोर पोचले.

गारवा (सातारा) | ५ मार्च, दुपारी १:१५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आमच्याकडे शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आहेत. आत्ताचा मोत्या नऊ वर्षांचा. त्याला कोणी काही शिकवलं नाही. गुरं कुठे आहेत ते तो बघतो, रात्री राखण करतो, हाक मारली की येतो. कुत्र्याला वास घेत हिंडायला आवडतं. चौकोनात फिरवून गुण द्यायचे, हे माणसाच्या हौसेसाठी आहे असं मला वाटतं. कोकमला टोपीची भीती वाटते तर टोपीवाल्यांपासून लांब ठेवा, तिला मोकळं हिंडू द्या. तिला बिल्ले कशाला?

उंबरठा | ५ मार्च, दुपारी ४:३०

गारवाकाका, राग कसला? वास घेत हिंडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. माझी कुत्री रोज अर्धा तास नुसती वास घेत हिंडते, त्यात मी ढवळाढवळ करत नाही.

पण मोत्याला कोणी शिकवलं नाही, हे मला पटत नाही. मोत्याला तुम्ही नऊ वर्षं रोज शिकवलंय. तुमच्याबरोबर तो बांधावरून चालला, तुमचा आवाज ऐकला, गुरं कशी वळवायची ते तुमच्याकडे बघून शिकला. त्याला दिवसभराचं काम आहे आणि दिवसभराची सोबत आहे. इथल्या कुत्र्याला आठ तास बंद घर आणि दोन वेळा सहा फुटी लीशवर फेरी. त्याला डोकं चालवायला काहीतरी द्यावं लागतं. आणि टोपीवाले लोक न्यू जर्सीत टाळणार कसे? हिवाळ्यात सगळेच टोपी घालतात.

गारवा | ५ मार्च, संध्याकाळी ६:०५

बांधावरचं बोललात ते खरं आहे. तसा विचार केला नव्हता. तरी गुणांचं मला अजून पटत नाही.

मेथीकूट (पुणे) | ५ मार्च, रात्री ८:४५

मी किताबासाठी करतच नाही, तरी दोन वर्षं रॅली करतेय! आमची इंडी (म्हणजे आपली देशी) कुत्री भिंगरी, सोसायटीच्या गेटवरूनच उचललेली. मी पाट्या वहीच्या पुठ्ठ्यावर काढल्या आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवल्या. ज्यांच्याभोवती वळायचं त्या प्लॅस्टिकच्या शंकूंऐवजी दह्याचे रिकामे डबे, आत थोडी वाळू. सकाळी सहाला पार्किंगमध्ये मोकळी जागा असते, तिथे आठ पाट्या मांडते. वॉचमनकाका आता परीक्षक झालेत. भिंगरी बसायला उशीर लावते तेव्हा ते मान हलवतात.

इंडी कुत्र्यांबद्दल एक सांगते. तीच गोष्ट दहादा केली की ती सोडून निघून जातात. त्याला लोक हट्टीपणा म्हणतात. मला वाटतं ती विचारतात, ‘झालं की आता, परत कशाला?’ रॅलीत दर चार पावलांवर नवीन काहीतरी असतं, म्हणून भिंगरी टिकते. तीन मिनिटं करायचं आणि थांबायचं. तिला अजून हवं असतानाच थांबायचं.

कोकमची_आई | ५ मार्च, रात्री १०:२०

किती छान उत्तरं! डाव्या शिवणीचं आजच करून बघितलं. मी खरंच उजव्या हातानं देत होते. चार वेळा डावीकडून दिल्यावर ती आपोआप जागेवर आली.

नवीन प्रश्न: आज्ञा मराठीत दिल्या तर चालतात का? आम्ही घरी तिच्याशी मराठीच बोलतो. क्लासमध्ये सगळे इंग्रजीत.

वाटाड्या | ६ मार्च, सकाळी ६:५०

बिनधास्त. मी रिंगमध्ये ‘चल’, ‘बस’, ‘ये’ असंच म्हणतो, कोणीही हरकत घेतलेली नाही. उलट फायदाच होतो. शेजारच्या रिंगमधून कोणी ‘सिट’ ओरडलं तर माझा कुत्रा ढिम्म.

फक्त ‘बस’ सांभाळा. आमच्या घरी ‘बास, बास झालं आता’ दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. कुत्रा बिचारा दर वेळी बसायचा किंवा मग ऐकेनासाच व्हायचा. शेवटी आम्ही ठरवलं, ‘बास’ बंद, त्याऐवजी ‘पुरे’.

निळीशाई (नागपूर) | ६ मार्च, सकाळी ९:३०

आमच्याकडे ‘खाली’चा घोळ होता. मी ‘खाली’ म्हणजे पोटावर आडवं हो म्हणायचे, नवरा ‘खाली’ म्हणजे सोफ्यावरून उतर, आणि सासूबाई ‘खाली बस’ म्हणजे नुसतं बस. कुत्रा तिघांकडे आळीपाळीनं बघायचा. आता फ्रिजवर कागद लावलाय: बस, आडवा, उतर. तीन शब्द, तीन अर्थ, घरातले सगळे तेच वापरणार.

मेथीकूट | ६ मार्च, सकाळी १०:१५

आणि माझा लाडका शब्द: प्रदक्षिणा! कुत्रा आपल्या समोर तोंड करून बसलेला असतो, तिथून आपल्या उजव्या हाताकडून, पाठीमागून फिरून डाव्या पायाशी येऊन बसायचं असतं. इंग्रजीत त्याला ‘फिनिश राइट’ म्हणतात. नीट बघा, देवाला उजवी घालून जातो तसंच ते आहे. ‘प्रदक्षिणा’ म्हटलं की भिंगरी अशी दिमाखात मागून येते!

लिंबूटिंबू | ६ मार्च, सकाळी १०:२०

म्हणजे कुत्र्याचा देव आपण. पटलं.

सोनसाखळी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) | ६ मार्च, सकाळी ११:४०

आमचं घर शाकाहारी आहे. क्लासमध्ये सगळ्यांकडे उकडलेलं चिकन. माझ्या कुत्र्याला मी काय देऊ? सध्या पीनट बटर आणि कधीकधी मनुका देते, आईंनी तशी सवय लावलीय.

तांबडफुटी (कोल्हापूर) | ६ मार्च, दुपारी १२:०५

मी पशुवैद्य आहे. विषय बाजूला ठेवून आधी हे वाचा, कृपया.

मनुका आजपासून बंद करा. द्राक्षं, मनुका, बेदाणे, तिन्ही. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्या प्रमाणातही निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. काल चाललं म्हणून उद्या चालेल असं नाही. यात संशय टार्टारिक आम्लावर आहे, म्हणून चिंचेपासूनही लांब ठेवा. चिंच घातलेली आमटी पोळीवर घालून देणं आपल्याकडे फार चालतं, त्यात कांदा-लसूणही असतो आणि तोही कुत्र्यांना वाईट.

पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल लिहिलंय का बघा. ही गोड चव आणणारी साखरेऐवजीची वस्तू कुत्र्यांच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली आणते. ती नसेल तर पीनट बटर चालतं, थोडंसं.

शाकाहारी खाऊ हवा तर पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, सफरचंद (बिया काढून). ट्रेनिंगसाठी तुकडा इतका लहान हवा की चावायला वेळ जाऊ नये. आणि दिवसभरात दिलेला खाऊ जेवणातून वजा करा. माझ्याकडे येणारी निम्मी लठ्ठ कुत्री लाडानं लठ्ठ झालेली असतात.

सोनसाखळी | ६ मार्च, दुपारी १२:२५

अरे देवा. मनुकांची बरणी वरच्या फळीवर ठेवली. आईंनाही फोन करून सांगितलं. मनापासून आभार, डॉक्टर.

पांढरीमाती (मंगळवेढा) | ७ मार्च, रात्री ९:००

आमच्याकडे पश्मी कुत्रा आहे, कारवान कुत्र्यांच्याच गोतावळ्यातला, सडपातळ, लांब तोंडाचा. धागा वाचून मीही वाड्यात तीन डबे ठेवून बघितलं. चालतो फार सुंदर, डब्यांमधून नागमोडी तर पाण्यासारखा जातो. पण बसायचं नाव नाही! उभा राहतो, बघतो, कधी कधी सरळ आडवा होतो. मारून मुटकून बसवणं मला जमणार नाही आणि करायचंही नाही.

उंबरठा | ७ मार्च, रात्री १०:१०

अजिबात मारून मुटकून नको. ही कुत्री धावण्यासाठी घडलेली, मांड्या भरलेल्या आणि पाय लांब. बऱ्याच जणांना कडक जमिनीवर बसणं अवघडच जातं. हट्ट नसतो तो. सतरंजी किंवा जाड गोणपाट घाला, त्यावर बसणं सोपं जातं. आडव्या स्थितीतून खाऊ नाकासमोरून हळू वर न्या, पुढचे पाय उचलले की बसणं होतं, तिथेच शाबासकी. आणि मागचे पाय कधी आखडल्यासारखे वाटले, किंवा आधी बसणारा कुत्रा अचानक बसेनासा झाला, तर आधी डॉक्टरकडे.

लेस्टरकर (इंग्लंड) | ८ मार्च, दुपारी ३:३०

इकडची माहिती देतो. ब्रिटनमध्ये केनेल क्लबनं २०१३ पासून रॅलीला अधिकृत मान्यता दिली. इथेही सुरुवात पहिल्या पातळीपासून, लीशवर. आमच्या क्लबात सत्तरीच्या आजी आहेत, काठी घेऊन चालतात, त्यांचा टेरियर बारा वर्षांचा. दोघं इतक्या सावकाश आणि इतक्या प्रेमानं कोर्स पूर्ण करतात की सगळा हॉल गप्प होऊन बघतो. पळायला लागत नाही म्हणून मला हा खेळ जवळचा वाटतो, माझे स्वतःचे गुडघे गेलेत.

वाटाड्या, तुमच्याकडे वेळ मोजतात का?

वाटाड्या | ८ मार्च, संध्याकाळी ५:००

मोजतात, पण दोन जोड्यांचे गुण सारखे झाले तर क्रम लावायला. घाई करून काही हाती लागत नाही.

कोकमची_आई | २१ मार्च, रात्री १०:५०

आज पहिला क्लास झाला आणि मी रडत घरी आले.

हॉलमध्ये नऊ कुत्री होती. शिकवणाऱ्या गृहस्थांच्या डोक्यावर बेसबॉलची टोपी. कोकम माझ्या खुर्चीखाली गेली ती तासभर बाहेर आली नाही. चीज नाकाशी धरलं तरी तोंड फिरवलं. घरी दिवाणखान्यात ती सगळं करते हो! ते म्हणाले, तिला ओढून बाहेर काढा, तिला कळू दे की काही होत नाही. मी नाही ओढलं. बाकी सगळे बघत होते. माझं चुकलं का?

उंबरठा | २१ मार्च, रात्री ११:०५

नाही. तुमचं काहीही चुकलं नाही. ओढलं नाहीत हे आज तुम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम.

आवडीचं चीजसुद्धा नाकारणं म्हणजे ती भीतीच्या त्या टोकाला पोचली होती जिथे शिकणं शक्यच नसतं. त्या आधीच्या खुणा ओळखायला शिका: झोप आलेली नसताना जांभई, जिभेनं नाक चाटणं, मान वळवणं, अंगावर पाणी नसताना अंग झाडणं. यातली एक दिसली की अंतर वाढवा. शिकवण्याचा विषय त्या दिवसापुरता बंद.

पुढचे चार आठवडे क्लासला जा, पण आत जाऊ नका. पार्किंगमध्ये उभं राहा. हॉलचं दार जिथून दिसतं आणि तरीही कोकम खाऊ घेते, तेवढ्या अंतरावर. दहा मिनिटं, मग घरी. दर खेपेला ती स्वतः जितकं पुढे जाईल तितकंच पुढे. आणि घरात तुम्ही टोपी घाला. आधी हातात धरा, खाऊ. टेबलावर ठेवा, खाऊ. डोक्यावर ठेवून लांब बसा, खाऊ.

तांबडफुटी | २२ मार्च, सकाळी ८:१५

उंबरठांनी लिहिलंय ते वैद्यकीय दृष्टीनंही बरोबर. ‘कळू दे की काही होत नाही’ हा उपाय भ्यालेल्या कुत्र्यावर उलटतो. पळायची वाट बंद झाली की पुढची पायरी चावण्याची असते. क्लास बदलता आला तर बदला.

गारवा | २२ मार्च, सकाळी ९:४०

बाई, रडू नका. आमचा मोत्या पिल्लू असताना ट्रॅक्टरला असाच भ्यायचा. मी बंद ट्रॅक्टरशेजारी बसून भाकरी खायचो, रोज. तो लांबून बघायचा. आठ-दहा दिवसांनी येऊन शेजारी बसला, मग अर्धी भाकरी त्याची. आता ट्रॅक्टर सुरू झाला की पहिला तोच हजर.

उंबरठा | २२ मार्च, सकाळी १०:००

काका, मी तीन परिच्छेदांत लिहिलं ते तुम्ही एका भाकरीत सांगितलंत.

मेथीकूट | २२ मार्च, सकाळी १०:३०

तोवर घरी करायला एक मस्त गोष्ट: एक बुटका, न घसरणारा पाट उलटा ठेवा. पुढचे दोन पाय पाटावर, मागचे जमिनीवर. आता तुम्ही तिच्या शेजारी उभं राहून हळूच तिच्या दिशेनं सरकलात की ती मागचे पाय उचलून गोल फिरते. कुत्र्यांना आपल्याला मागचे पाय आहेत हे फारसं लक्षातच नसतं. हे जमलं की डावीकडची सगळी वळणं सोपी होतात, कारण तिथे कुत्रा आतल्या बाजूला असतो आणि त्याला मागचा भाग आवरून घ्यावा लागतो. उजव्या वळणाला उलट. तो बाहेरच्या बाजूला, त्याला भराभर चालावं लागतं.

निळीशाई | २३ मार्च, दुपारी २:००

पोळपाटावर करून बघितलं, सासूबाईंची परवानगी घेऊन. (जुना पोळपाट!) पाचव्या दिवशी पाव गोल फिरला. इतका आनंद मला मुलाच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता, मुलगा हे वाचणार नाही ही आशा.

वाटाड्या | १४ एप्रिल, रात्री ८:००

कोकमची_आई, काय खबर? आमच्या घरी रोज विचारणा होते.

कोकमची_आई | १६ एप्रिल, रात्री ९:३०

उशिराबद्दल माफ करा. क्लास बदलला. नवीन बाई आधी प्रत्येक कुत्र्याला रिकाम्या हॉलमध्ये पाच मिनिटं वास घेऊ देतात, मगच पाट्या मांडतात. गारवाकाका, तुमची आठवण आली! कोकम पहिल्या दिवशी दारात बसली. दुसऱ्या आठवड्यात आत आली. काल चार पाट्या केल्या: थांबून बसणं, सावकाश चाल, उजवीकडे वळण, आणि समोर येऊन बसून प्रदक्षिणा. बाईंनी विचारलं हा शब्द काय आहे. मी सांगितला. आता तिथल्या एका कॉर्गीलाही प्रदक्षिणा येते.

घरी नवरा रोज टोपी घालून जेवतो.

लिंबूटिंबू | १६ एप्रिल, रात्री ९:३२

नवऱ्याचाही फोटो हवा.

कोकमची_आई | २९ सप्टेंबर, रात्री ११:१५

मंडळी, धागा वर आणते. शनिवारी पहिली स्पर्धा झाली.

सुरुवातीला कुत्र्याशिवाय कोर्स चालून बघायला दहा मिनिटं देतात. मी तो सहा वेळा चालले, पायांना पाठ होईपर्यंत. मग आमची पाळी. परीक्षक उंच गृहस्थ होते, रुंद कडांची टोपी घातलेले. माझ्याच पोटात गोळा आला. कोकमनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, ‘चल, राणी.’ आणि ती चालली. शेपूट वर होती. मला बाकी काही आठवत नाही, शेपूट आठवते.

१३ पाट्या. सातव्या पाटीला, ‘२७० उजवीकडे’, मी पूर्ण गोल फिरून भलतीकडे निघाले आणि ते मला पुढची पाटी ओलांडल्यावर कळलं. तिथे १० गुण गेले. एका पाटीला ती बसली नाही, ती परत केली, ३ गेले. लीश दोनदा ताणली, २. किरकोळ ४. शेवटी ८१! पास झालो!

रविवारीही नाव दिलं होतं. पण सकाळी हॉलबाहेर कोणीतरी पत्रे उतरवत होतं, तो आवाज झाला आणि कोकम जांभया द्यायला लागली, नाक चाटायला लागली. पाळी यायला दोन कुत्री उरली असताना मी टेबलापाशी जाऊन सांगितलं, आम्ही आज नाही करत. फीचे पैसे गेले. आम्ही मागच्या मैदानात जाऊन तासभर गवतात वास घेतला.

उंबरठा | २९ सप्टेंबर, रात्री ११:२०

८१ साठी अभिनंदन. आणि रविवारसाठी त्याहून जास्त. मला हे करायला तीन वर्षं लागली. माझ्या पहिल्या कुत्र्याला मी दोन-तीनदा तसंच आत नेलं होतं आणि ते मला आजही टोचतं.

वाटाड्या | ३० सप्टेंबर, सकाळी ७:००

२७० उजवीकडेचं सांगितलं होतं की नाही! मनापासून अभिनंदन. पुढच्या वेळी चूक तिथल्या तिथे लक्षात आली तर तीच पाटी परत करा, १० ऐवजी ३ जातात.

लेस्टरकर | ३० सप्टेंबर, दुपारी १:०५

आमच्या क्लबातल्या आजींना वाचून, भाषांतर करून दाखवलं. त्यांनी शेपटीपाशी थांबवून परत वाचायला लावलं.

गारवा | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

कोकमचं कौतुक. गुणांबद्दल माझं मत तेच आहे, पण रविवारचं वाचून बरं वाटलं.

इकडे एक झालं. नात सुट्टीला आली होती, तिनं हा धागा वाचला. तिनं अंगणात बाटल्या मांडल्या. मोत्या पहिले दोन दिवस बघत नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी तिच्या डाव्या बाजूनं चालायला लागला. आता ती सकाळी तुळशीला पाणी घालून पाच प्रदक्षिणा करते, मोत्या तिच्याबरोबर पाचही करतो, लीशशिवाय. दहा वर्षांचा होत आला. बसताना थोडा वेळ लागतो, म्हणून त्याच्यासाठी पोतं घातलंय.

नात विचारतेय, पुढे काय शिकवू?

उंबरठा | ३ ऑक्टोबर, रात्री ९:००

काका!! मी हे घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं.

तिला सांगा, ती करतेय तो रॅलीतल्या उजव्या स्पायरलचा, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या फेऱ्यांचा, पाया आहे आणि मोत्याला तो आधीच येतोय. कुत्रा बाहेरच्या बाजूनं, माणसाबरोबर पाऊल जुळवून. आता तुळशीपासून पुढे सहा-सहा फुटांवर दोन बाटल्या ओळीत ठेवा. पहिली फेरी तिघांना मिळून, दुसरी तुळस आणि पहिल्या बाटलीला, तिसरी फक्त तुळशीला. दिवसातून एकदाच, सांध्यांना जपून. मग डावं स्पायरल, त्यात मोत्या आत येईल आणि त्याला चाल कमी करावी लागेल.

डाव्यासाठी मात्र अंगणात दुसरीकडे बादली ठेवा, तुळशीला उलटी प्रदक्षिणा नको.